ज्वालामुखी, पक्षी आणि बुडालेलं बंदर

१२ फेब्रुवारी

ठोक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच खणात टाकलं नसशील, तर वाच. रागावण्यासारखं यात काही नाही. लग्नाचा विषय नाही, ‘फोन का करत नाहीस’ नाही. काल मी ज्वालामुखीच्या पोटात जाऊन आले, तेवढंच सांगायचं आहे.

हो, तोच ज्वालामुखी. तुमच्या धंद्यातले सगळे ज्याचं नाव आधी घेतात तो. चौसष्टाव्या वर्षी तुझी आई रोलर कोस्टरमध्ये बसली आणि धडधाकट खाली उतरली. गुडघा जरा कुरकुरतोय, पण तो बसमध्ये चढतानाही कुरकुरतो.

शेवटच्या फोनवर तू चिडून म्हणाला होतास, “आई, तुला माझ्या कामातलं काय कळतं?” चिडून म्हणालास तरी प्रश्न बरोबर होता. तू एवढी वर्षं कोस्टरभोवतीची गावं, गुहा, जंगलं उभी करतोस आणि मी त्यातलं एकही आतून पाहिलेलं नाही. तुझं बुडालेलं बंदर तुमच्या पार्कात एप्रिलमध्ये उघडतंय, हे मला पेपरमधून कळलं. ते बघायला मी येणार आहे. बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी. तिकीट काढून कुणीही येऊ शकतं. पण येऊन नुसतं ‘छान आहे हं’ म्हणायचं नाही मला. म्हणून आधी दुसऱ्यांची बघून घेते आहे. नाटक कंपनीत नवी मुलगी शिवायला आली की मी तिला आधी जुने अंगरखे उसवायला द्यायचे, आठवतं? तसंच.

तर ज्वालामुखी. लांबून बघितला की छाती दडपते. वर धूर, मधूनच गडगडाट, पायाखालची फरशी थरथरते. रांग डोंगराच्या आतून जाते आणि भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. कोमट, ठोक्या! नुसती भिंत कोमट ठेवायला यांनी केवढा पैसा ओतला असेल. एका गुहेत शास्त्रज्ञांची छावणी आहे. अर्धा प्यालेला चहा, उघडी राहिलेली पेटी, खाटेवर उलटं टाकलेलं जाकीट. मी जाकिटाची शिवण बघितली. हातशिलाई होती. कोपरं घासून घासून विरवलेली, जसं काही दहा वर्षं अंगावर होतं. ज्या कुणी ते केलं असेल तिला मी मनातल्या मनात हात जोडले.

मग आम्ही गाडीत बसलो, म्हणजे मीच बसले. मांडीवर दांडा आला, गाडी सुटली, अंधारात दोन वळणं, लाल उजेड, एक मोठी ज्वाळा, आणि संपलं. एवढा डोंगर उभा केला आणि आतली गाडी कुठल्याही जत्रेतल्यासारखी. बाहेर आले तेव्हा मला जाकीट आठवत होतं. गाडी आठवत नव्हती.

लिफ्टवाले बाहेर बाकावर माझी पर्स मांडीवर घेऊन बसले होते. (दोन वर्षांपूर्वी मी ज्यांच्याशी लग्न केलं त्यांना तू ‘तो लिफ्टवाला’ म्हणालास. मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “मग काय चुकीचं म्हणाला? जन्मभर लिफ्टच दुरुस्त केल्या.” त्यांना ते नाव आवडलंय, म्हणून मीही तेच लिहिते.)

“सांग,” म्हणाले. मी सांगितलं.

“असं नको. पहिल्यापासून सांग. दांडा किती घट्ट बसतो? चढताना साखळीचा आवाज येतो का?”

मला धड सांगता येईना. पुढच्या वेळी नीट लक्ष देईन.

तुझी,
आई


२७ फेब्रुवारी

ठोक्या,

कार्ड मिळालं. दोन वर्षांत तुझं पहिलं अक्षर, आणि त्यावर एकच ओळ: ‘मागून बघितलास का?’ ना प्रिय, ना आई, ना तू कशी आहेस. मी जिन्यातच हसत सुटले. वरच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघायला लागल्या.

बघितला. न बघून कशी राहीन? ज्या बाईचं आयुष्य नाटक कंपनीच्या विंगेत कपडे शिवण्यात गेलं, ती पुढून बघून घरी जाईल का? मागून तो ज्वालामुखी नाहीच. करड्या पत्र्याचं गोदाम आहे. वर पंखे गरगरतात, भिंतीला पाइप, एका कोपऱ्यात तुटलेल्या खुर्च्यांचा ढीग. राजवाडा मागून प्लायवूडचा असतो, याचं मला काही वाटत नाही. पण प्रेक्षकाला विंग दिसता कामा नये. इथे बसस्टॉपच मागच्या बाजूला आहे. दिवसभर आगीच्या डोंगराखाली फिरून थकलेला माणूस लेकराला खांद्यावर घेऊन बसची वाट बघतो, आणि त्याच्या समोर गोदाम. निम्मी मजा तिथेच सांडते. तुझ्या बंदराचा बसस्टॉप कुठे आहे, ते बघून ठेव. अजून वेळ आहे.

तू कार्डावर एवढा कमी लिहितोस की मला जास्त लिहावं लागतं. लहानपणीही असाच होतास. माझ्या मशीनखाली बसायचास, बोलायचास काही नाही, आणि सुतारांनी टाकलेले खिळे गोळा करून फळकुटावर ठोकत राहायचास. नेपथ्याच्या मिस्त्रींनीच तुझं नाव ठोक्या ठेवलं. संध्याकाळी बाबा त्यांचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान बंद करून तुला न्यायला यायचे, तेव्हा तू त्यांना दिवसभरात काय ठोकलंस ते दाखवायचास आणि ते कॅमेऱ्याचं भिंग तपासावं तसं तुझं फळकूट डोळ्याजवळ धरून बघायचे. मला तू कधी दाखवलं नाहीस. याची तक्रार नाही करत. आठवलं म्हणून लिहिलं.

लग्नाचा विषय काढणार नाही म्हटलं होतं. एकदाच काढते, मग नाही. तुझे बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी आपल्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली आणि आत मी एकटी होते. लिफ्टवाल्यांनी वरच्या फटीतून विचारलं, “ताई, आत गाता येतं का कुणाला?” मी म्हटलं, “मी एकटीच आहे, आणि मला गाता येत नाही.” तर म्हणाले, “मग मला गावं लागेल, आणि ते तुम्हाला सोसणार नाही. त्यापेक्षा बोलू या.” लिफ्ट खाली येईपर्यंत आम्ही बोललो. बाबांबद्दलच बोललो, जास्त करून. एवढंच.

पुढच्या पंधरवड्यात ‘पक्षी’ नावाचा कोस्टर बघायला जातोय. काय काय बघू, ते कळव.

तुझी,
आई


१६ मार्च

ठोक्या,

या वेळी कार्डावर तीन ओळी! ‘रांग किती वेळ, चढ कसा, गोष्ट कुठे सांगतात ते बघ.’ परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं. उत्तरं लिहिते.

रांग: फार. आणि पत्र्याच्या छपराखाली. भिंतीला ना चित्र ना आवाज, नुसते लोखंडी कठडे. माझ्या पुढची बाई आपल्या जुळ्यांना सांगून सांगून थकली, “आता येईल हं पक्षी.” शेवटी त्यातला एक म्हणाला, “पक्षी मेला असेल.” ज्वालामुखीतली रांग कशी गेली ते कळलं नव्हतं, इथे प्रत्येक पाऊल कळलं.

चढ: ऐक. यात बसायचं नसतं, पालथं पडायचं असतं. छातीखाली पट्टे घेऊन आपल्याला पक्ष्याच्या पाठीला बांधतात. पट्टे आवळणारा मुलगा म्हणाला, “आजी, हात पसरले तरी चालतील.” मी म्हटलं, “मावशी म्हण, म्हणजे पसरते.” म्हणाला, “मावशी, पसरा.” चढाला साखळीचा खडखडाट नाही. एक मोठा, हळू श्वास घेतल्यासारखा आवाज, आणि आपण वर. खाली उघडी जमीन दिसत राहते, लहान होत जाते.

गोष्ट: गोष्ट कुठेच सांगत नाहीत. देखावाही नाही म्हणण्यासारखा. तारांचं एक घरटं आणि एक उघडा कडा. पण गाडी कड्यापाशी जाते आणि मागे येते. परत जाते, परत मागे येते. ते पिल्लू आहे, ठोक्या, उडायला घाबरलेलं! कुणी सांगितलं नाही, मला माझ्या पोटातूनच कळलं. तिसऱ्यांदा ते कड्यावर थांबतं. मग पडलो. पडता पडता मध्येच कुणीतरी खालून उचलल्यासारखं झालं आणि मग नुसतं वळत, डुलत, उडत राहिलो. बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लिफ्टवाल्यांना सांगितलं, वाऱ्यानं आलं.

त्यांनी या वेळी तासभर प्रश्न विचारले. बाकावर शेजारी बसून मी त्यांना हाताने वळणं काढून दाखवली. मग म्हणाले, “गंमत आहे बघ. आमच्या धंद्यात चांगली लिफ्ट कुठली? जी हलली ते माणसाला कळत नाही. आत शिरला, विचार करत राहिला, दार उघडलं, बाहेर पडला. माणसाला काही जाणवू नये म्हणून मी जन्मभर खपलो. आणि ही मंडळी प्रत्येक इंच जाणवावा म्हणून खपतात. मला नेहमी वाटायचं, एकदा त्या बाजूनं बघावं.”

मग बराच वेळ त्या पक्ष्याकडे मान वर करून बघत होते.

तर माझं मत असं. ज्वालामुखीनं सगळा पैसा डोळ्यांवर खर्च केला आणि पोटाला काही दिलं नाही. पक्ष्यानं सगळा पोटावर केला आणि रांगेतल्या माणसाला पत्र्याखाली उकडत ठेवलं. मला विचारशील तर पक्षी वरचढ. देखावा घरी येईपर्यंत विसरायला होतो. ते पडणं अजून अंगात आहे. पण तुला दोन्ही जमायला हवं. जमेल का?

तुझी,
आई


३१ मार्च

ठोक्या,

तुझं कार्ड नव्हे, पत्र आलं या वेळी. पान पूर्ण नाही, पण पत्र. कोमट भिंतीचं गुपित सांगितलंस, बसस्टॉपसाठी झाडं लावताय म्हणालास, बरं वाटलं. आणि मग खाली शेवटी: ‘प्रत्येक वेळी तूच बसतेस आणि तो बाकावर. तू गुडघेदुखीची, तो कोस्टरवेडा. काय लपवते आहेस?’

तुझे बाबाही असेच होते. सगळं ऐकून घ्यायचे आणि नेमका सैल स्क्रू धरायचे.

लपवत होते. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे त्यांची. दिवाळखोर झडप, ते म्हणतात, द्यायचं तेवढं देत नाही. जिना चढले की धाप लागते. मागच्या वर्षी ही सगळी पार्कं बघायचं ठरवलं आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी कोस्टरला कायमची मनाई केली. ऑपरेशन केलं तर सुधारेल म्हणतात. ते करायला तयार नाहीत. त्यांचा थोरला भाऊ याच ऑपरेशनला हसत आत गेला होता आणि परत आला नाही. तेव्हापासून दवाखान्याचं नाव काढलं की हे खिडकीशी जाऊन उभे राहतात. म्हणून मी बसते आणि त्यांना सांगते. तुझ्यासाठी तुलना आणि त्यांच्यासाठी सफर. एकाच फेरीत दोन कामं.

तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणशील अशी भीती वाटली, ‘बघ, पुन्हा एका आजारी माणसाची उस्तवार गळ्यात घेतलीस.’ बाबांच्या वेळची ती दोन वर्षं तू माझ्याइतकीच पाहिली आहेस. तुझा राग कशाचा आहे हे मला कळत नाही असं समजू नकोस. तू बाबांची जागा वगैरे म्हणालास, पण मला वाटतं तुला पुन्हा कुणाच्या उशाशी बसायचं नव्हतं. चुकत असेन तर सांग.

परवा आम्ही लाकडी कोस्टर बघायला गेलो. जुना आहे, देखावा शून्य. पांढऱ्या रंगाच्या तुळया, रूळ, आणि वर आभाळ. त्यांनी त्या लाकडांवरून हात फिरवला आणि सरळ रांगेकडे चालू लागले.

मी म्हटलं, “कुठे?”

“ही जुनी आहे. हळू जाते. हिच्यात बसतो.”

“पाटी वाचा.”

“वाचता येते मला पाटी.”

मी फाटकात आडवी उभी राहिले. मागे लोक खोळंबले. “आजोबांना जाऊ द्या की,” एक पोरगी म्हणाली. मी तिच्याकडे असं बघितलं की ती मागे सरकली. ते हळू आवाजात म्हणाले, “इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, घाबरू नका, दोर तुटत नाही. मी मात्र कशातच बसायचं नाही. वर जायचं नाही, टेबलावर झोपायचं नाही. नुसतं बाकावर बसून वाट बघायची. कशाची ग?”

मी आडवी तशीच उभी राहिले. मग तेच मागे फिरले, बाकावर बसले आणि म्हणाले, “जा, तू जाऊन ये. नाहीतर मला सांगणार कोण?”

गेले. दात वाजले, हाडं खुळखुळली, लोक ओरडत होते. मी काही पाहिलं नाही. बघायला काही नव्हतंच. म्हणून डोक्यात जे होतं तेच सगळीकडे दिसत राहिलं. फाटकात उभे असलेले ते. मग तुझ्या कामाचा अर्थ मला लागला. मी समजत होते, देखावा म्हणजे वरची झालर. तसं नाही. माणूस जे घेऊन येतो ते थोडा वेळ दाराबाहेर ठेवायला तुम्ही त्याला जागा करून देता. त्या दिवशी मला तो कोमट डोंगर हवा होता. मागून गोदाम असला तरी.

खाली आल्यावर त्यांना खोटं सांगितलं, फार मजा आली म्हणून. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

तुझी,
आई


२३ एप्रिल

ठोक्या,

पाकीट उघडलं तर आत दोन पास. चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, तरी चिठ्ठी नाही. पण पास दोन होते. दोन मोजायला कितीसा वेळ लागतो, तरी मी ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मोजले.

काल आलो होतो. तुला माहीतच आहे. पण तू कामात होतास, म्हणून जे तुला दिसलं नाही ते लिहिते.

वादळात बुडालेलं बंदर. ओली वाटणारी भिंत, दोरखंडाचा वास, उलथलेली होडी, आणि सगळ्या भिंतींवर एकाच उंचीला पाण्याची रेघ. खारट, पांढरी. इथपर्यंत पाणी होतं, हे कुणी सांगायला नको. रांगेतली पोरंसुद्धा टाचा उंच करून त्या रेघेला डोकं लावून बघत होती. पासवाल्यांना शेवटच्या जिन्यापर्यंत जाता येतं म्हणाले, म्हणून लिफ्टवाले माझ्याबरोबर आत आले. हळूहळू चालत होते. एकेका दुकानासमोर थांबत होते. जाळीवाला, केशकर्तनालय, होकायंत्रवाला.

मग ते दुकान आलं.

फळीवर उघडे कॅमेरे. बाटल्यांच्या झाकणांत स्क्रू. खुर्चीवर जांभळ्या मखमलीची उशी, मी बाबांना शिवून दिली होती तशी. टाके माझे नाहीत, पण कापड बरोबर शोधलंस. आणि टेबलावरचा दिवा उजव्या हाताला, हत्यारं सगळी डाव्या हाताला. बघणाऱ्या हजार माणसांपैकी एकाच्याही लक्षात येणार नाही की हे टेबल डावखुऱ्या माणसाचं आहे. तू आठवणीनं तसं मांडलंस. आणि बाकी सगळ्या दुकानांच्या भिंतींवर रेघ आहे, त्या एका दुकानात नाही. पाणी तिथे शिरलेलंच नाही.

मी कठडा धरून उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. “हे ते?” म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वाकून नीट बघितलं. म्हणाले, “माझा कॅमेरा मी यांच्याकडेच टाकला असता.”

मागचे लोक म्हणाले, “आजी, पुढे चला.” या वेळी मी मावशी म्हणा वगैरे काही म्हटलं नाही.

जिन्यापाशी ते बाजूच्या वाटेनं खाली बाकाकडे गेले आणि मी तुझ्या बचावहोडीत बसले. होडी चढावर निघाली. वरून सगळं पार्क दिसतं. कारंजं, दुकानं, ती नवी झाडं, आणि बाकावर टोपी घातलेलं एक डोकं. मग पिवळं जाकीट आणि हेल्मेट घातलेला एक माणूस गर्दीतून बाकाकडे जाताना दिसला. एक खांदा जरा खाली सोडून चालणारा. बाकापाशी थांबला. उभाच राहिला. मी दांड्यावरून मान वळवून बघत होते, तू बसतोस की निघून जातोस. टोपीवाल्या डोक्यानं बाकावर जागा करून दिली. आणि नेमकी तेव्हाच होडी सुटली.

तेव्हा खरं सांगायचं तर तुझ्या एवढ्या गाजलेल्या पहिल्या उताराबद्दल मला काहीही सांगता येणार नाही. मी ओरडले, पण ते ‘थांबवा!’ असं होतं.

बाकीचं सांगते. मध्ये लाटा, वीज, दीपगृह कोसळणं, सगळं एकाच वेळी येतं. एका अंकात तीन वादळं. एक काढ. शेवट मात्र सुरेख. होडी शांत होते आणि बुडालेल्या घरांच्या खिडक्यांत एकेक दिवा लागत जातो. पडण्याच्या बाबतीत पक्षी अजून तुझ्या पुढे आहे. रागावू नकोस. बाकी कुणी नाही.

खाली आले तर बाकावर ते एकटेच. तुला वॉकीटॉकीवर बोलावणं आलं म्हणे.

“काय बोललात?”

“कोस्टरबद्दल.”

“एवढंच?”

“बारीक झालाय तुझा मुलगा,” म्हणाले आणि उठले. बस निघाली, तेव्हा मी मागे वळून बघितलं. झाडं अजून लहान आहेत, पण त्यांच्यावर बंदराचं दीपगृह दिसत होतं. गोदाम नाही. बरं केलंस.

पुढच्या थांब्याच्या आत ते म्हणाले, “डॉक्टरांना फोन कर. तारीख घेऊन टाक.” ते खिडकीबाहेर बघत होते. तुम्हा दोघांत काय ठरलं ते मी विचारलं नाही. तुलाही विचारत नाही.

तुझी,
आई


९ जून

ठोक्या,

ऑपरेशननंतर तू गेलास त्याच दिवशी लिफ्टवाल्यांच्या नळ्या काढल्या. आज ते वॉर्डाच्या टोकापर्यंत चालून आले, भिंतीला हात न लावता. तिथे लिफ्ट आहे. दार बंद होताना घासतंय म्हणून त्यांनी तिथल्या माणसाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही झोपा.” म्हणजे आता बरे आहेत. शनिवारी घरी सोडतील. कोस्टरचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “वर्षानं बघू.” त्यांनी ते ‘वर्षानं बसा’ असं ऐकलं आहे. मी दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी आपण फारसं बोललो नाही. ऑपरेशन लांबत गेलं, तू तीनदा चहा आणलास आणि आपण दोघांनीही तो गार केला. मधे एकदा तू म्हणालास, “एक वादळ काढलं.” मी म्हटलं, “कुठलं?” तू म्हणालास, “विजेचं.” दुसरं काही बोलल्याचं आठवत नाही. तू आलास, माझ्याकडची पिशवी घेतलीस आणि शेजारी बसलास, त्यानंतर बोलण्यासारखं माझ्याकडेही काही उरलं नव्हतं.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तुला वाटलं, झोप लागली. तू तुझं जाकीट माझ्या पायांवर टाकलंस. मी झोपले नव्हते. मग आतलं दार उघडलं आणि नर्सचा आवाज आला. त्यांचा नंबर पुकारून तिनं विचारलं, “पेशंटबरोबर कोण आहे?”

मला उठायला हवं होतं. पण असा दरवाजा उघडला की काय ऐकायला मिळतं, ते मी बाबांच्या वेळी एकदा ऐकलेलं आहे. मी तशीच राहिले. तू उठलास.

“मी आहे.”

“ऑपरेशन झालं. शुद्धीवर येतायत. एकाला आत जाता येईल.” मग तिनं विचारलं, “तुम्ही कोण त्यांचे?”

मी पापण्या घट्ट मिटून घेतल्या. काहीही म्हणालास तरी चाललं असतं मला. आईचे यजमान म्हणाला असतास, ओळखीचे म्हणाला असतास, तरी मी मनाला लावून घेतलं नसतं.

तू म्हणालास, “घरचाच आहे.”

आणि आत गेलास.

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते, तर तू काहीतरी वेगळं बोलून ते सावरून घेतलं असतंस. तू परत येईपर्यंत मी तशीच बसून राहिले, जाकीट पायांवर, झोपलेल्या बाईसारखी.

तुझी,
आई